दहा दिवसांची बुडी

आधी एक अंदाज करा. मे महिना आहे. गोव्याच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, भर अरबी समुद्रात तुमचं जहाज थांबलंय. बादली सोडून पाणी वर काढलंत, त्यात हात घातलात, तर पाणी चक्क कोमट. ३० अंश सेल्सियसच्या आसपास. आता त्याच जागी, जहाजाच्या बरोबर खाली, दोन किलोमीटर खोलवर पाणी किती गार असेल? २५ अंश? २०? फार तर १५?

केला अंदाज? उत्तर आहे साधारण तीन अंश! वर घामाच्या धारा लागल्यात आणि खाली, त्याच समुद्रात, बारा महिने तेरा काळ कडाक्याची थंडी.

पण हे कळलं कसं? उपग्रह समुद्राचं तापमान मोजतात हे तुम्ही वाचलं असेल. खरंच मोजतात. पण त्यांना दिसतो तो पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा. सूर्याचा उजेड दोनशे मीटरपर्यंत कसाबसा पोचतो, आणि उपग्रहांच्या रेडिओ लहरी तर पाण्यात शिरल्या शिरल्याच विरतात. खाली मोबाइल चालत नाही, जीपीएस चालत नाही. त्यामुळे ज्याला मोजायचंय त्याला स्वतः खाली जावं लागतं, आणि जे मोजलं ते सांगायला पुन्हा वर यावं लागतं.

हेच काम रात्रंदिवस करणारी सुमारे चार हजार यंत्रं आज जगभरच्या समुद्रांमध्ये आहेत. त्यांचं नाव आर्गो फ्लोट. ग्रीक पुराणकथेतला जेसन ज्या जहाजातून निघाला ते जहाज म्हणजे आर्गो. हे नाव निवडलं, कारण समुद्राच्या पाण्याची उंची आकाशातून मोजणाऱ्या उपग्रहाचं नाव 'जेसन' होतं. जेसन वरून बघणार, आर्गो खालून सांगणार, अशी ती जोडी.

हा फ्लोट दिसतो कसा? एक जाडजूड नळी, वरची अँटेना धरली तर मोठ्या माणसाच्या उंचीची. वजन २० ते ३० किलो. ना पंखा, ना वल्हं, ना सुकाणू. आत बॅटऱ्या, एक छोटा संगणक, तेलाची टाकी आणि पंप. डोक्यावर सेन्सर. बस्स, एवढाच संसार.

त्याला पाण्यात सोडतात तेही बघण्यासारखं असतं. जहाज वेग कमी करतं. काही फ्लोट पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यातच असतात. खलाशी ते खोकं दोराला लावून जहाजाच्या मागच्या बाजूने हळूहळू पाण्यात उतरवतात. खोकं बांधलेली पट्टी पाण्यात विरघळते, पुठ्ठा भिजून मोकळा होतो आणि फ्लोट आपला आपण बाहेर सरकतो. जहाज तोपर्यंत पुढे गेलेलं असतं. यासाठी मोठंच जहाज हवं असंही नाही. न्यूझीलंडचं 'काहारोआ' नावाचं संशोधन-जहाज जेमतेम २८ मीटर लांब, पण त्याने एकट्याने हजाराहून जास्त फ्लोट समुद्रात सोडलेत! शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची 'वाँदे ग्लोब' नावाची शर्यत असते, तिच्यातल्या काही खलाशांनीही वाटेत फ्लोट सोडलेत. जिथे एरवी कुणीच जात नाही, तिथे हे लोक जातात ना!

सुटलेला फ्लोट पाण्याखाली जातो आणि एक हजार मीटर खोलीवर थांबतो. थांबतो म्हणजे आणखी खाली जात नाही आणि वरही येत नाही. प्रवाह नेईल तिकडे मात्र वाहत राहतो. तिथे पूर्ण काळोख. दिवस आणि रात्र यांत काही फरकच नाही. फ्लोटचा संगणक बहुतेक वेळ झोपलेला, कारण बॅटरी जपून वापरायची आहे. असे साधारण नऊ दिवस जातात.

मग संगणक जागा होतो. फ्लोट आणखी एक हजार मीटर खाली उतरतो, म्हणजे एकूण दोन हजार मीटर. आपल्या अंगठ्याचं नख जेवढं, साधारण तेवढ्या जागेवर तिथे २०० किलो वजनाइतका दाब असतो. कुठेही बारीकशी फट राहिली तर पाणी आत घुसलंच समजा. इथून फ्लोट वर यायला लागतो. सेकंदाला सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या पंज्याच्या रुंदीपेक्षा जरा जास्त. वर पोचायला साधारण सहा तास लागतात आणि सगळं मोजमाप याच सहा तासांत होतं.

आता कुणी विचारेल, पंखा नाही, इंजिन नाही, मग हा वर-खाली होतो कशाच्या जोरावर?

एक प्रयोग करा, लगेच कळेल. एक लिटरची प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घ्या आणि पाण्याने काठोकाठ भरा. बॉलपेनचं एक टोपण घ्या. त्याच्या बंद टोकाला बारीक भोक असेल तर ते मऊ क्लेने बुजवून टाका. उघड्या तोंडाच्या बाजूला, टोपणाच्या दांडीवर, क्लेची एक गोळी चिकटवा. गोळी एवढीच हवी, की टोपण पाण्यात उभं राहील आणि जेमतेम तरंगेल. आधी पेल्यात सोडून बघा, जास्त बुडालं तर थोडा क्ले काढा. टोपणाचं तोंड मात्र मोकळं राहू द्या. जमलं, की टोपण बाटलीत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दोन्ही हातांनी जोरात दाबा. टोपण तळाला जाईल! हात सैल करा, वर येईल!

टोपणात हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. बाटली दाबली की तो आकसतो. बुडबुडा लहान झाला की तो कमी पाणी बाजूला सारतो, आणि जेवढं पाणी कमी सारलं तेवढा वर ढकलणारा जोरही कमी पडतो. आर्किमिडीजचा नियम तो हाच.

फ्लोटमध्ये हवेऐवजी तेल असतं. त्याच्या तळाशी एक रबरी पिशवी असते, तिला बाहेरचं पाणी लागतं. वर यायची वेळ झाली की पंप आतल्या टाकीतलं तेल या पिशवीत ढकलतो. पिशवी फुगते. फ्लोटचं वजन तसूभरही वाढलेलं नसतं, पण आकार वाढलेला असतो, त्यामुळे तो जास्त पाणी बाजूला सारतो आणि वर निघतो. तेल आत ओढून घेतलं की पिशवी चपटी होते आणि फ्लोट खाली. विहिरीत पाठीवर तरंगताना छातीभर श्वास घेतला की अंग वर येतं आणि श्वास सोडला की बुडायला लागतं, तसंच हे. तेल किती लागत असेल? साधारण पेलाभर! पाऊण-एक पेला तेल इकडून तिकडे केलं, की २५ किलोचं यंत्र दोन किलोमीटर वर-खाली होतं. मला तर आर्गोमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

वर येताना फ्लोट तीन गोष्टी मोजतो. पहिली, तापमान. तेही इतकं बारकाईने, की एका अंशाचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांचा फरकसुद्धा त्याला कळतो. दुसरी, दाब. दाबावरून तो किती खोल आहे ते समजतं. तिसरी, खारटपणा. चव घेता येत नाही म्हणून तो पाण्यातून वीज सोडून बघतो. पाण्यात मीठ जास्त असेल तर वीज सहज वाहते, कमी असेल तर तिला जड जातं.

यात एक फार हुशारीची गोष्ट केलेली आहे. सेन्सरमधून पाणी खेळतं राहावं म्हणून एक छोटा पंप चालू असतो. पृष्ठभाग चार-पाच मीटरवर आला की तो पंप बंद होतो. का? समुद्राच्या अगदी वरच्या थरावर तेलकट तवंग असतो, घाण असते. ती आत ओढली गेली तर सेन्सर बिघडेल आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांचे आकडे चुकीचे येतील. म्हणून शेवटचे काही मीटर हा आपलं तोंड मिटून वर येतो!

वर आला की तो आधी जीपीएसवरून आपण कुठे आहोत ते शोधतो आणि मग सगळे आकडे उपग्रहाकडे पाठवतो. सुरुवातीच्या काळातल्या फ्लोटना यासाठी कित्येक तास वर तरंगत राहावं लागायचं. आताच्या फ्लोटचं काम बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उरकतं. मग तेल आत, पिशवी चपटी, आणि चालला पुन्हा खाली, पुढच्या दहा दिवसांसाठी. अशा दीडशेच्या वर फेऱ्या तो करतो. म्हणजे चार-पाच वर्षं, एकटा.

आणखी एक गंमत सांगते. गेल्या वेळी तो कुठे वर आला होता आणि या वेळी कुठे आला, या दोन जागांमधलं अंतर मोजलं, की एक हजार मीटर खोलीवरचा प्रवाह कुठल्या दिशेने आणि किती वेगाने वाहतोय तेही कळतं. नुसतं वाहवत जाणं हेसुद्धा त्याचं मोजमापच आहे.

आता हे आकडे जातात कुठे? हिंदी महासागरातल्या फ्लोटसाठी एक महत्त्वाचं ठिकाण आपल्या देशात आहे, हैदराबादला. त्याचं नाव इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. त्सुनामीचा इशारा देणारं आपलं केंद्रही तिथेच आहे. आकडे आले की आधी संगणक त्यांची उलटतपासणी घेतो. तारीख शक्य आहे का? दोन जागांमधलं अंतर बघता फ्लोट अचाट वेगाने पळालाय असं तर दिसत नाही ना? मधेच एखादा आकडा उगाच उसळी मारून गेलाय का? आणि यातला एक प्रश्न तर फारच भारी: फ्लोट जमिनीवर तर नाही ना? म्हणजे नकाशावरची त्याची जागा भलत्याच ठिकाणी, एखाद्या गावात वगैरे, दाखवली जात असेल, तर काहीतरी चुकलंय हे लगेच लक्षात येतं. या परीक्षेत पास झालेले आकडे बहुधा चोवीस तासांच्या आत सगळ्या जगासाठी खुले होतात. फ्रान्समधल्या ब्रेस्ट आणि अमेरिकेतल्या माँटेरे इथे जगभरच्या फ्लोटचे आकडे एकत्र ठेवलेले असतात. ते बघायला पैसे पडत नाहीत की कुणाची परवानगी लागत नाही. मोठ्या शास्त्रज्ञाला जे आकडे मिळतात तेच देवरुखच्या शाळेतल्या मुलीलाही मिळतात. अनेक देशांनी मिळून खर्च करायचा आणि फळ सगळ्यांनी वाटून घ्यायचं, अशी उदाहरणं जगात फार नाहीत, म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं.

ही कल्पना सुचली कुणाला? एकट्याला नाही. पण एक नाव लक्षात ठेवा, जॉन स्वॅलो. इंग्लंडमधल्या या शास्त्रज्ञाने १९५५ साली असा पहिला फ्लोट बनवला, आणि कशापासून? इमारती बांधताना परांची उभारायला जे अ‍ॅल्युमिनियमचे पाइप वापरतात, त्यांपासून! पाइप जड होते म्हणून त्याने ते रसायनात ठेवून झिजवले आणि हवे तेवढे पातळ केले. नळी बरोबर हव्या त्या वजनाची झाली की पाण्यात ठरावीक खोलीवर जाऊन राहायची आणि तिथून टिंग, टिंग असा आवाज करायची. तो आवाज जहाजावरून ऐकायचा आणि नळी कुठे चाललीय ते शोधायचं.

त्याच सुमारास हेन्री स्टॉमेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडून म्हटलं होतं, की अटलांटिक महासागरात उत्तरेकडे जाणाऱ्या प्रसिद्ध गल्फ स्ट्रीम प्रवाहाच्या खाली, खूप खोल, उलट्या दिशेने दक्षिणेकडे जाणारा प्रवाह असला पाहिजे. कुणी तो पाहिलेला नव्हता. १९५७ साली स्वॅलोच्या नळ्या त्या भागात सोडल्या, आणि त्या खरोखर दक्षिणेकडे निघाल्या! गणिताने सांगितलेला प्रवाह सापडला. मग १९६०च्या सुमारास बर्म्युडा बेटाजवळ नळ्या सोडल्या. तिथे खोलवरचं पाणी अगदी संथ असेल, नळ्या जागच्या जागी रेंगाळतील, असं सगळ्यांना वाटत होतं. झालं उलटंच. अपेक्षेच्या दहापट वेगाने त्या भलत्याच दिशांना गेल्या. त्यांचा पाठलाग करता करता जहाजावरच्या लोकांची दमछाक झाली. खोल समुद्रातही मोठाले भोवरे फिरतात, हे अशा रीतीने कळलं. शास्त्रात अशी फजिती होणं ही पर्वणीच असते, कारण तिथून पुढे खरं काय ते शोधायला सुरुवात होते.

स्वॅलोच्या नळ्या स्वतःहून वर येत नव्हत्या, ही मोठी अडचण होती. जहाज सतत जवळ हवं. १९९०च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतले रस डेव्हिस आणि इंजिनिअर डग वेब यांनी तेल आणि पिशवीची युक्ती वापरून आपोआप वर-खाली होणारा फ्लोट बनवला. आर्गोचे फ्लोट त्याच्याच वंशातले. गेलं शतक संपता संपता ते समुद्रात सोडायला सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २००७मध्ये तीन हजार फ्लोटचा पल्ला गाठला गेला. २०१२पर्यंत खालून वर मोजत येण्याच्या दहा लाख फेऱ्या झाल्या होत्या आणि २०१८मध्ये वीस लाख. आज दर महिन्याला सुमारे बारा हजार फेऱ्यांचे आकडे येतात. पूर्वी जहाजं जायची ती ठरावीक वाटांनी आणि शक्यतो हवा चांगली असताना. दक्षिण महासागरात भर हिवाळ्यात वादळांत जाऊन कोण तापमान मोजणार? फ्लोटला मात्र वादळाची फिकीर नाही. तो खाली असतो.

आता जरा मागे जाऊ, १८७२ सालात. 'चॅलेंजर' नावाचं जहाज इंग्लंडहून निघालं आणि १८७६ साली परतलं. या साडेतीन वर्षांत त्यावरच्या लोकांनी जगातल्या महासागरांमध्ये ठिकठिकाणी थांबून लांबच लांब दोराला थर्मामीटर बांधून खाली सोडले, तासन् तास दोर ओढला, आकडा वाचला आणि वहीत लिहिला. जागा लिहिली, तारीख लिहिली, खोली लिहिली. खालच्या दाबाने थर्मामीटरची काच दबून आकडा किंचित चुकतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून ती चूक किती येते तेही तपासून ठेवलं. त्या वेळी त्या आकड्यांचा पुढे काय उपयोग होणार आहे हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

२०१२ साली डीन रोमिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जुने आकडे काढले आणि चॅलेंजर जिथे जिथे थांबलं होतं, तिथल्या आर्गो फ्लोटच्या आकड्यांशेजारी ठेवले. वरच्या ७०० मीटर पाण्याचं तापमान या काळात सरासरी सुमारे ०.३३ अंशाने वाढलेलं निघालं.

एक तृतीयांश अंश? एवढंच? असं म्हणू नका. पाणी तापवायला अफाट उष्णता लागते. समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, साधारण तेवढी अख्ख्या वातावरणात मावते. इथे तर आपण ७०० मीटरबद्दल बोलतोय! आपण कोळसा आणि तेल जाळून हवेत जे वायू सोडतो, त्यांमुळे पृथ्वीवर जी जादाची उष्णता अडकते, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्र पोटात घेतो. तापलेलं पाणी पसरतं, म्हणून समुद्राची पातळी वाढते. हे सगळं आज आपण खात्रीने सांगू शकतो, कारण दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी थंडीवाऱ्यात उभं राहून आकडा नीट लिहिला, आणि आज चार हजार नळ्या तो पुन्हा पुन्हा मोजतायत. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. जागा आणि तारीख लावून तो जपला, आणि पुढे कुणीतरी तिथेच पुन्हा मोजलं, की त्याचं सोनं होतं.

आपल्याला याचा थेट उपयोग काय? चक्रीवादळं. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' आदळलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' कोकणाच्या कडेकडेने गुजरातकडे गेलं. कोकणातल्या तुमच्यापैकी अनेकांनी उडालेली कौलं आणि आडव्या झालेल्या पोफळी पाहिल्या असतील. चक्रीवादळाचं अन्न म्हणजे समुद्राचं गरम पाणी. पण वादळ समुद्रावरून जाताना पाणी घुसळून काढतं. गरम पाण्याचा थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाची उपासमार होते. थर जाड असेल तर कितीही घुसळलं तरी वर गरमच पाणी येत राहतं, आणि वादळ जोर धरतं. उपग्रह सांगतो, वर पाणी गरम आहे. पण ते किती मीटरपर्यंत गरम आहे? ते मोजून सांगतो फ्लोट.

आपले दोन शेजारी समुद्र तरी किती वेगळे! बंगालच्या उपसागराला गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा मोठमोठ्या नद्या येऊन मिळतात. (नाशिकजवळ उगम पावलेल्या गोदावरीचं पाणीही शेवटी तिकडेच जातं.) त्यामुळे तिथे वरचं पाणी कमी खारट आणि हलकं असतं. हा हलका थर खालच्या जड खारट पाण्यावर झाकणासारखा बसतो, सहजासहजी मिसळत नाही आणि उन्हाने तापत राहतो. अरबी समुद्रात नद्यांचं पाणी कमी आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून तिथलं पाणी जास्त खारट. अरबी समुद्राची आणखी एक खोड आहे. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या पाण्यात त्याच्याकडे प्राणवायू जवळजवळ नसतोच. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ कित्येक वर्षं याचा अभ्यास करतायत. पावसाळ्याच्या अखेरीला हे प्राणवायू नसलेलं पाणी आपल्या किनाऱ्याजवळही सरकतं, आणि मग मासळीला त्रास होतो. म्हणून आता काही फ्लोटना जास्तीचे सेन्सर लावतात: प्राणवायू मोजणारे, पाण्याचा आम्लपणा मोजणारे, नायट्रेट मोजणारे, सूक्ष्म वनस्पतींमधलं हरितद्रव्य मोजणारे. काही फ्लोट दोन हजार मीटरवर न थांबता सहा हजार मीटरपर्यंत जातात. त्यातल्या काहींचं शरीर तर काचेच्या जाड गोळ्याचं असतं, कारण गोळा सगळ्या बाजूंनी सारखाच दाब सोसतो.

पण सगळ्यात धाडसी फ्लोटची गोष्ट अंटार्क्टिकातली. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तो टॉटन हिमनदीजवळ मोजमाप करावं म्हणून सोडला होता. प्रवाहाने त्याला तिथे राहू दिलं नाही, तो वाहत वाहत पश्चिमेला गेला आणि बर्फाच्या प्रचंड तरंगत्या छपराखाली शिरला. दर पाच दिवसांनी तो ठरल्याप्रमाणे वर यायचा आणि त्याचं डोकं बर्फाला आपटायचं. आकाश नाही, त्यामुळे उपग्रह नाही आणि जीपीएस नाही. महिनोन् महिने त्याच्याकडून एक अक्षरही आलं नाही. शास्त्रज्ञांनी आशा सोडली असती तर नवल नव्हतं. आणि मग एक दिवस तो बर्फाच्या बाहेर निघाला, वर आला, आणि साठवून ठेवलेले सगळे आकडे त्याने पाठवून दिले!

आता प्रश्न असा, की हे आकडे नेमके कुठले? जीपीएस तर नव्हतं. तेव्हा शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती केली. फ्लोटचं डोकं किती खोलीवर आपटलं, म्हणजेच बर्फाचा तळ किती खोल होता, हे दाबाच्या आकड्यांवरून कळत होतं. बर्फ कुठे किती जाड आहे याचा नकाशा उपग्रहांनी काढलेलाच होता. दोन्ही जुळवले आणि फ्लोटची वाट शोधून काढली. प्रत्येक टक्कर कामी आली! या वाटेवरच्या डेन्मन हिमनदीच्या बर्फाखाली तुलनेने उबदार पाणी पोचतंय आणि बर्फ खालून वितळवतंय, हे त्या आकड्यांनी दाखवलं. डेन्मनचा सगळा बर्फ वितळला तर जगभरच्या समुद्राची पातळी सुमारे दीड मीटर वाढेल. मुंबईत, रत्नागिरीत, मालवणात दीड मीटर म्हणजे काय, हे आईबाबांबरोबर एकदा भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभं राहून बघा.

फ्लोटबद्दलची एक गोष्ट मला टोचते, तीही सांगून टाकते. बॅटरी संपली की बहुतेक फ्लोट परत आणले जात नाहीत. काही तळाशी जातात, काही किनाऱ्याला लागतात. दर वर्षी सुमारे ८०० नवे फ्लोट सोडावे लागतात, म्हणजे साधारण तेवढेच जुने संपतात. समुद्रातल्या बाकीच्या कचऱ्याच्या मानाने हे अगदीच थोडं आहे, आणि एका फ्लोटला शोधायला जहाज पाठवलं तर त्यात जळणाऱ्या तेलाने जास्त नुकसान होईल, हेही खरं. तरीसुद्धा जास्त वर्षं टिकणारा किंवा शेवटी स्वतःहून किनाऱ्याजवळ येणारा फ्लोट तुमच्यापैकी कुणीतरी बनवावा, असं मला मनापासून वाटतं.

फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत शाळांना एखादा फ्लोट दत्तक घेता येतो. मुलं त्याला नाव ठेवतात, तो कुठे पोचला ते वर्गातल्या नकाशावर मांडतात. आपल्याला दत्तक घेता आला नाही तरी बघता नक्की येतो. शिक्षकांना किंवा ताईदादाला सांगून संगणकावर आर्गोचा नकाशा उघडा. समुद्रभर ठिपके दिसतील, प्रत्येक ठिपका म्हणजे एक फ्लोट. अरबी समुद्राच्या मध्यावरचा एखादा निवडा. प्रत्येकाला सात आकडी क्रमांक असतो, तो वहीत लिहून घ्या. मग त्याचे दोन आलेख शोधा, एक मे महिन्यातला आणि एक ऑगस्टमधला. आलेखात खोली वरून खाली मोजलेली असेल, तेव्हा पहिल्यांदा जरा गोंधळायला होईल. मेमध्ये वरचं पाणी खूप गरम दिसेल, पण थोडंसं खाली गेलं की तापमान झपाट्याने उतरेल. ऑगस्टमध्ये वरचं पाणी दोन-तीन अंशांनी गार झालेलं असेल आणि तेच तापमान बरंच खोलपर्यंत सारखं राहिलेलं असेल, कारण मधल्या काळात मोसमी वाऱ्यांनी तो समुद्र ढवळून काढलेला असतो. वारे किती मीटर खोलपर्यंत पोचले ते आलेखावर पट्टी ठेवून मोजा. उत्तर, फ्लोटचा क्रमांक आणि दोन्ही तारखा पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडून बघू.